वाघाच्या पोटाखाली

शिछ्याओ, ९ ऑक्टोबर १९९४

लीजुन,

तुमच्या संग्रहालयाचं पत्र काल पोचलं. खाली लाल शिक्का आहे, सही कुणाचीच नाही. शिक्क्याशी वाद घालता येत नाही, म्हणून तुला लिहितो. तू तिथला भांडारपाल आहेस, किल्ल्या तुझ्या कमरेला असतात, आणि मी तुझा मामा आहे. आपल्याकडे म्हणतात, आभाळात मेघराजाचं चालतं आणि जमिनीवर मामाचं. तेव्हा नीट वाच.

हे तेरावं नकारपत्र. आधीची बाराही मी जपून ठेवली आहेत. १९८१ मध्ये आपल्या शियांग घराण्याची वाघघंटा मी पाठीवरच्या टोपलीत घालून, दोन दिवस चालत तुमच्या दारात आणून दिली. मागायला कुणी आलं नव्हतं. ती जिथे असायची त्या गावच्या नाचघराचं छप्पर गळत होतं, तांबेचोर गावोगाव फिरत होते, मला वाटलं सरकारी भिंतीआड ती सुखरूप राहील. तेव्हाच्या संचालकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "शियांग मास्तर, वस्तू देशाची, आवाज तुमचा. दर वर्षी सणाला घेऊन जा, वाजवा, परत आणून द्या." मी कागद मागितला नाही. चाळीस वर्षं पोरांना कागदावर लिहायला शिकवलं आणि स्वतः मागितला नाही.

पहिल्या वर्षी रस्ता खचला होता. दुसऱ्या वर्षी ते संचालक बदलून गेले. मग गाडी नव्हती. मग गाडी होती, चालक नव्हता. आता म्हणे घंटेला पहिला दर्जा मिळाला आहे, म्हणून ती हलवता येत नाही. म्हणजे मी तिसऱ्या दर्जाची वस्तू दिली असती तर बरं झालं असतं.

मी एकोणऐंशीचा झालो. ती घंटा वाजवलेला माझ्याशिवाय आता कुणीही जिवंत नाही. तीन ठोके, एक श्वास, मग सात. त्यावर ढोल उचलायचे आणि पाचशे माणसांनी एकदम हात झुलवायचे. तेरा वर्षं आम्ही कॅसेटवर नाचतोय. कॅसेट मध्येच अडकते, मग पाचशे माणसं हात वर धरून उभी राहतात आणि वायरमनला हाका मारतात. येत्या सणाला, आपल्या चांद्र नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी, एकदा, एक तास. एवढंच मागतो. मी गेलो की तो ठोकाही गेला.

आणि तुमच्या काचेच्या पेटीतल्या त्या पाटीचं बघ. 'प्राचीन बा लोकांचं युद्धवाद्य. वर शोभेसाठी वाघाची आकृती. ही संस्कृती दोन हजार वर्षांपूर्वी लोप पावली.' मी ती वाचली तेव्हा पेटीसमोर चांगला दोन पायांवर उभा होतो. मूळपुरुष मेला आणि त्याचा जीव पांढरा वाघ झाला, असं ज्यांची आजी अजून सांगते त्यांना तुम्ही लोप पावलेले म्हणता, आणि त्यांच्या पूर्वजाला शोभेची आकृती. आपल्याच प्रांतात मिळालेलं म्हणतात असं एक जुनं मद्यपात्र परदेशात आहे, वाघाने माणसाला जबड्याखाली धरलेलं. विद्वान अजून भांडतात, वाघ त्याला खातोय की सांभाळतोय. मी छायाचित्र पाहिलं आहे. त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती नाही. चेहरा बघायचा सोडून हे लोक जबडा मोजत बसले.

उत्तर दे. शिक्का नको, तुझ्या हातचं.

मामा

*

जिल्हा संग्रहालय, २६ ऑक्टोबर १९९४

ती. मामा,

पत्र मिळालं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझा मामा जन्मला तेव्हा रडला नाही, त्याने तक्रार केली." तिने तुमच्यासाठी धुरावलेलं मांस बांधून ठेवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

घंटेबद्दल मी संचालकांशी बोललो. नियम माझ्या हातात नाहीत. दोन हजार वर्षांचं कासं आहे, भिंत बोटाइतकीही जाड नाही, एका ठोक्यात काहीही होऊ शकतं. तुम्ही इतकं वाचता, तुम्हाला हे मी काय सांगावं? तिचं छान रंगीत छायाचित्र मोठं करून पाठवतो, नाचघरात लावा. पाटीबद्दल तुमचं म्हणणं मी टिपून वर पाठवलं आहे.

एक विचारायचं होतं. तुम्ही घंटा नक्की कशाने वाजवायचा? टांगायची कशी? आणि थंडीत काही वेगळं करावं लागायचं का? नोंदीसाठी हवं आहे.

तब्येत सांभाळा.

लीजुन

*

शिछ्याओ, ६ नोव्हेंबर १९९४

लीजुन,

छायाचित्र पाठवू नकोस. भुकेल्याला स्वयंपाकघराचा नकाशा नको असतो.

पण तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. तेरा वर्षांत तुमच्या त्या इमारतीतून पहिल्यांदाच कुणी तरी विचारलं की ही वस्तू वाजवतात कशी. इतकी वर्षं फक्त उंची विचारली, वजन विचारलं. तू विचारलंस म्हणजे मनात काही तरी आहे, हे मी ओळखलं. म्हणून सगळं लिहितो, आणि आजवर हे मी कुणालाच लिहून दिलेलं नाही.

दोर डोंगरी ताडाच्या तंतूंचा, दर वर्षी नवा, घरी वळलेला. तो वाघाच्या पोटाखालून घ्यायचा. वाघ चार पायांवर उभा आहे, त्याच्या पोटाखाली जी फट आहे ती त्याचसाठी. तार कधी नाही, साखळी तर नाहीच. घंटा दोरावर थोडी झुलली पाहिजे, धक्का तिने दोराला द्यायचा असतो, स्वतः सोसायचा नसतो. थंडीत आधी खाली निखारे ठेवायचे, हात लावल्यावर गार लागेनाशी होईपर्यंत. ठोका खांद्यावर, रुंद भागावर. खालच्या काठावर कधीच नाही. आणि मोगरी चहाच्या लाकडाची, डोक्याला तागाचं कापड नऊ वेढे, वरून तुंगाच्या बियांचं तेल, सुकलं की काळं चकचकतं. लोखंड लावणाऱ्याचा हात माझ्या आजोबांनी मोडला असता.

जुन्या काळी राजा सैन्य हलवण्यासाठी काशाच्या वाघाचे उभे दोन भाग करायचा. एक स्वतःकडे, एक सेनापतीकडे. दोन्ही जुळल्याशिवाय एक शिपाई हलत नसे. आपलं तसंच आहे. कासं तुमच्याकडे, ठोका माझ्याकडे. नुसत्या तुमच्या अर्ध्याने काहीही हलणार नाही, हे तुझ्या संचालकांना सांग.

मी २४ तारखेला येतो. त्यांच्यासमोर बसून बोलतो.

मामा

*

जिल्हा संग्रहालय, १४ नोव्हेंबर १९९४

ती. मामा,

घाईत लिहितो. २४ला येऊ नका. दालनाची दुरुस्ती आहे, संचालक राजधानीला असतील आणि मलाही कदाचित बाहेर जावं लागेल. घाटात रस्ता निसरडा झाला आहे. वसंतात या, मी स्वतः न्यायला येईन.

लीजुन

*

शिछ्याओ, १ डिसेंबर १९९४

थ्येन लीजुन,

तुझं आडनाव लावून लिहितोय, म्हणजे समजून जा.

रस्ता कोरडा होता. दालन उघडं होतं. संचालक त्यांच्या खोलीत चहा पीत होते, मला दारातूनच म्हणाले की सभा आहे. सभेला ते एकटेच होते. तू बाहेरगावी गेलास असं सांगितलं आणि तुझी सायकल अंगणात उभी होती.

मी घंटेपाशी गेलो. पेटीसमोर उभा राहिलो, मग गुडघ्यावर बसलो, मग फरशीवर उताणा पडलो. लोकर विणत बसलेली राखणदार बाई धावत आली.

"आजोबा, चक्कर आली का?"

"नाही. वाघाचं पोट बघतोय."

"पोट काय बघायचं? समोरून बघा ना, तोंड समोर आहे."

"तोंड तुमच्यासाठी आहे, बाई. पोट माझं आहे."

ती म्हणाली की असला माणूस तिने नोकरीत पहिल्यांदाच पाहिला, आणि विणायला परत गेली.

आता ऐक. एकोणीस वर्षांचा असल्यापासून मी त्या पोटाखालून दोर घातला आहे. माझ्याआधी माझ्या वडिलांनी, त्यांच्याआधी आजोबांनी. सारा वाघ हिरवा आहे, पण पोटाखाली दोन बोटं रुंदीचा पट्टा दोराने घासून घासून पिवळा, गुळगुळीत झालेला आहे. अंधारात नुसतं बोट लावून मी माझा वाघ ओळखेन. तुमच्या पेटीतल्या वाघाचं पोट बेडकाच्या पाठीसारखं हिरवं आणि खरखरीत आहे. ज्याने तो बनवला त्याने वरून छायाचित्रं पाहिली असणार. खाली वाकून बघावं असं त्याला वाटलं नाही.

तो माझा वाघ नाही. माझा वाघ कुठे आहे?

कोणा व्यापाऱ्याला विकला? कुठल्या परदेशी पाहुण्याला भेट दिला? कुंपणच शेत खाऊ लागलं तर माणसाने राखण कुणाला सांगावी? आणि त्या कुंपणाच्या किल्ल्या माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाकडे आहेत. पंधरा दिवस वाट बघेन. नंतर पत्र तुला येणार नाही, पोलिसांना जाईल.

शियांग क्वांगचाओ

*

जिल्हा संग्रहालय, ११ डिसेंबर १९९४

मामा,

विकलेली नाही. ती इथेच आहे, माझ्या भांडारात, मागच्या खोलीत, कापसात गुंडाळलेली. तिला भेग गेली आहे.

मी हे दहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं.

या वर्षी जानेवारीच्या शेवटी एका संगीतसंस्थेचे दोन संशोधक आले होते. जुन्या वाद्यांचे सूर ध्वनिफितीवर घेत होते. संचालकांनी परवानगी दिली. अंगणात लोखंडी घोडी उभी केली. सकाळची वेळ, हौदावर बर्फाचा पापुद्रा होता. त्यांना वाजवायचं कसं ते माहीत नव्हतं. ते लहान लाकडी काठीने टिचक्या मारत होते आणि आवाज येत नव्हता. मी म्हणालो, असं नाही वाजवत. मी शिछ्याओच्या शियांग घराण्याचा भाचा आहे, लहानपणापासून मी बघितलं आहे.

मामा, मी खरंच बघितलं होतं. दर सणाला, ढोलवाल्यांच्या मागे उभा राहून, पन्नास पावलांवरून. तुमच्या हातात काळ्या, चकचकीत डोक्याची मोगरी असायची. मला ते लोखंडच वाटायचं. चाळीस वर्षं मी तसंच समजत आलो. घंटा दूरवरून स्थिर दिसायची, म्हणून मी ती तारेने घट्ट बांधली. हातोडा मीच आणला. मीच मारला. तिसऱ्या ठोक्याला काठापासून खांद्यापर्यंत भेग गेली. आवाज थांबला.

संचालक म्हणाले, नोंदवहीत 'जुनी भेग' असं लिही. मी लिहिलं, सही केली. प्रतिकृती त्यांनी मागवली. त्यानंतर तुमचा अर्ज आला आणि नकाराचं पत्र मीच टंकलं. 'वाजवल्यास हानीचा संभव' हे शब्द माझेच आहेत.

तुमचं ६ नोव्हेंबरचं पत्र वाचलं आणि कळलं, ते लोखंड नव्हतं, तागाचे नऊ वेढे होते. मी ते विचारलं होतं कारण मला कळून घ्यायचं होतं की माझं नक्की काय चुकलं. तुम्हाला वाटलं की मी काही तरी करणार आहे.

पोलिसांना लिहायचं तर लिहा.

लीजुन

*

शिछ्याओ, ४ जानेवारी १९९५

लीजुन,

तीन पत्रं लिहून फाडली. त्यांतलं एकही तुझ्या आईच्या हाती पडण्यासारखं नव्हतं.

आधी तुझ्या संचालकांबद्दल. तेरा वर्षं हा माणूस आणि याच्याआधीचे मला सांगत आले की तुम्ही खेडवळ लोक वस्तू फोडाल. माझ्या आजोबांच्या हातून फुटली नाही. माझ्या बापाच्या हातून नाही, माझ्या हातून नाही. सरकारी अंगणात, परवानगीने, ध्वनिफितीच्या सोयीसाठी फुटली. आणि फुटल्यावरही नकाराचं पत्र तसंच आलं, आमच्यापासून तिला वाचवण्यासाठी. याला काय म्हणावं? मी साठ वर्षं पुस्तकं वाचतो आहे, मला शब्द सापडत नाही.

आता तुझ्याबद्दल, आणि हे लिहायला मला तीन आठवडे लागले ते याचसाठी.

तू दहा वर्षांचा असताना एका सणाला ढोलवाल्यांमधून पुढे आलास आणि म्हणालास, मामा, मोगरी हातात द्या ना. मी म्हटलं, "बहिणीचा मुलगा तू, तुझं आडनाव थ्येन. हा दोर शियांगांचा आहे. मागे उभा राहा." सगळ्यांसमोर म्हटलं. तू मागे गेलास आणि तिथेच राहिलास. मला मुलगा झाला नाही, पुतण्या गेला, तरीही मी तुला पुढे बोलावलं नाही. नियम होता. नियम माझ्या हातात नाहीत, असं तूही मला ऑक्टोबरमध्ये लिहिलंस, आणि मी रागाने लाल झालो होतो.

तागाच्या त्या मोगरीला एकदा जरी तुझा हात लागला असता, तरी तू लोखंड उचललं नसतंस. हा हिशेब मी रोज सकाळी करतो आणि रोज तेच उत्तर येतं.

मी पोलिसांना लिहिणार नाही. तू लिही. नोंदवहीत 'जुनी भेग' खोडून खरं काय ते लिही. तारीख, अंगण, तार, हातोडा, कुणाचा हात, कुणाचा हुकूम. त्याने घंटा सांधणार नाही, मला माहीत आहे. पण शंभर वर्षांनी कुणी ती वही उघडली तर त्याने आपल्याला खोटं ठरवू नये.

मामा

*

जिल्हा संग्रहालय, १५ जानेवारी १९९५

ती. मामा,

लिहिलं. नोंदवहीत दुरुस्ती केली आणि तिची प्रत प्रांताच्या कार्यालयात पाठवली. संचालकांना नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर प्रत गेली नसती. त्यांनी माझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. मी आता तिकीटखिडकीवर बसतो. राखणदार बाई म्हणाल्या, "बरं झालं, निदान तुम्हाला आता माणसं दिसतील."

पण मामा, खरं लिहिलं त्याचा पहिला परिणाम ऐका. घंटा आता कागदोपत्री 'क्षतिग्रस्त' झाली, म्हणून ती प्रांताच्या दुरुस्तीशाळेत जाणार. चांद्र नव्या वर्षाच्या, म्हणजे सणाच्या आधीच. किती दिवसांसाठी, कुणी सांगत नाही. खोटं होतं तोवर ती निदान आपल्या जिल्ह्यात होती. मी रात्रंदिवस यावर डोकं आपटतो आहे.

एकच गोष्ट. न्यायला येण्याआधी तपासणीसाठी फान नावाच्या बाई येत आहेत. त्यांनी पत्रात विचारलं आहे की भेग जाण्याआधीचा आवाज ऐकलेलं कुणी हयात आहे का, आवाज किती उरला ते ठरवायचं आहे. संचालकांनी उत्तर लिहिलं, कुणी नाही. मी दुसरं पत्र पाठवलं, एक आहे. त्यांनी तुम्हाला बोलावलं आहे. २४ तारीख, सकाळी दहा. मला आत येता येणार नाही. तुमची मोगरी आणि दोर घेऊन या.

लीजुन

*

शिछ्याओ, २७ जानेवारी १९९५

लीजुन,

२४ला मी तुझ्या खिडकीसमोरून न बोलता निघून गेलो. माझा माझ्या तोंडावर भरवसा नव्हता. तुला आत येऊ दिलं नाही, म्हणून आत काय झालं ते लिहितो.

फान बाई पन्नाशीच्या आहेत, हात कष्टाच्या बाईचे. संचालक सुरू झाले, "भेग तशी फार जुनी आहे, आमच्या कर्मचाऱ्याचा काही तरी गैरसमज झाला." बाईंनी भिंग लावलं आणि वर न बघता म्हणाल्या, "जुन्या भेगेला आतून गंज चढतो. हिचं कासं आतून अजून कोरं आहे." संचालक म्हणाले, साफ केली असेल. त्या म्हणाल्या, "कुणी, तुम्ही?" मग ते खुर्चीवर बसले.

मी दोर घातला. पट्टा तसाच आहे, गुळगुळीत. निखारे आणू दिले नाहीत, पेटतं काही आत चालत नाही. मग मी माझा कापसाचा अंगरखा काढून घंटेभोवती गुंडाळला आणि अर्धा तास तिला कवेत धरून बसलो. संचालक खिडकीबाहेर बघत होते. मग खांद्यावर एक ठोका मारला, निजलेल्या मुलाला थोपटावं इतका हलका.

आधी आपला आवाज आला. तोच, खोल, पोटात उतरणारा. माझे वडील, नाचघर, सगळं क्षणभर होतं तिथे. मग त्याच्या मागून फाटका पत्रा वाजला आणि सगळं संपलं.

बाईंनी विचारलं, "मास्तर, किती उरला?"

मी म्हटलं, "सुरुवात उरली आहे. शेवट गेला."

त्यांनी तक्त्यात लिहिलं, 'आवाज: सदोष.' मी म्हटलं, सदोष म्हणजे काय? ती कशी वाजायची ते लिहा, तीन, श्वास, सात लिहा, कशावर ढोल उठतात ते लिहा. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्याला रकाना नाही." मी तेरा वर्षांचं सगळं त्या एका बाईवर काढलं, ज्या बिचारीचा काही दोष नव्हता. बोलत होतो तोवर त्या थांबल्या. मग कागद उलटा केला आणि म्हणाल्या, "सांगा." मागची पूर्ण बाजू भरली. दुपारी गाडी आली. दुरुस्तीला किमान चार वर्षं, आणि सांधली तरी वाजवायची नाही, काचेतच. मी एकोणऐंशीचा आहे, बेरीज मला येते. ती घंटा मी आता पुन्हा वाजवणार नाही. सणाला कॅसेटच लागेल.

राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. पण ठोका काशात नव्हता, माझ्या मनगटात होता, आणि तो मी चाळीस वर्षं एका आडनावापायी दाबून धरला. तो आता कशावरही शिकवता येईल, लाकडी पिंपावरसुद्धा. तू शिकायचास.

फुकट नाही. नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी नाचघरात सगळं गाव जमेल, नदीपलीकडचेही येतील. घंटेचं काय झालं हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. ते त्यांना कॅसेट लावण्याआधी कळलं पाहिजे. मी मास्तर आहे, मी तासभर बोलू शकतो, आणि माझ्या बोलण्यात तुझा अपराध अर्धा होऊन जाईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी आधी बोलणार नाही.

आधी तू उभा राहायचंस आणि सांगायचंस की ती तू फोडलीस. लोक ओरडतील. शियांगांतले म्हातारे म्हणतील, बहिणीचा मुलगा, दुसरं काय होणार. तेव्हा मी उठेन आणि तू मागे का उभा होतास ते सांगेन. मग त्यांनी आपल्या दोघांवर ओरडावं.

सकाळची मोटार पकड. आईला घेऊन ये. पहिलं वाक्य तुझं.

मामा